ट्रीकलच्या पोटावरची रेघ

मार्च लागला की थॉर्नगिल गावात अर्नोल्ड बर्डेकिनच्या परसदाराची कडी दिवसभर वाजत राही. कुणाच्या हातात झाकणाची टोपली, कुणाच्या कोटाच्या आत काहीतरी वळवळणारं, आणि सगळ्यांच्या तोंडी तेच गाणं, आजानं नातवाला दिलेलं:

बर्फ उतरलं माळावरनं, कोकरं आली दारी,
शेपूट झडलं, मादी फुगली, ने नराच्या घरी.

नराचं घर म्हणजे अर्नोल्डचं खोपट. त्या खोऱ्यात घरटी एक तरी फेरेट पाळलेलं. मुंगसाचा धाकटा भाऊ शोभावा असं हे लांबुडकं, चपळ जनावर. हिवाळ्यात सशांच्या बिळात सोडायचं, बिळाच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, आणि उरलेलं वर्षभर त्याचे लाड करायचे. पण मादीचं एक अवघड असतं. वसंतात ती माजावर येते, आणि नर भेटल्याशिवाय तिचा माज उतरत नाही. तसाच राहिला तर अंगातलं रक्त आटत जातं, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि उन्हाळा सरायच्या आत मादी हातची जाते. बरं, नर दाखवावा तर दर खेपेला आठ-आठ पिल्लं. यावर खोऱ्यानं तोडगा काढलेला. गावात एका जाणत्या माणसानं नसबंदी केलेला नर बाळगायचा. माजही उतरतो आणि पाळणाही हलत नाही.

थॉर्नगिलचा तो जाणता माणूस म्हणजे अर्नोल्ड, आणि नराचं नाव बिशप. पांढरंशुभ्र अंग, लाल डोळे, चाल अशी की जणू सगळ्या खोऱ्याला आशीर्वाद देत निघालाय. अर्नोल्डची उमर खाणीच्या अंधारात गेली होती. वर आल्यावर त्यानं डोळ्यांचं काम धरलं. मादी नुसती हातात घेतली की तो सांगायचा, किती दिवसांचा माज, कधी उतरेल, हिला ठेवायची की परत न्यायची. चाळीस वर्षांत त्याचं सांगणं कुणी खोडलं नव्हतं.

त्या मार्चमध्ये समोरच्या घरातली बेरिल ऑडी आली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं हयात काढली होती, आता निवृत्त. थोरली बहीण नोरा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी बेरिलनं बेवारस जनावरांच्या आश्रमातून एक फेरेट मादी आणली होती. रंग काळसर तपकिरी, जुन्या काकवीसारखा, म्हणून नाव ट्रीकल, म्हणजे काकवीच. ट्रीकल झोपायची नोराच्या लोकरी जाकिटाच्या बाहीत. ते जाकीट बेरिलनं कुणाला दिलं नव्हतं, धुतलंही नव्हतं. बाहीत ट्रीकल शिरली तेव्हा ती म्हणाली होती, "चला, त्या हाताला पुन्हा काहीतरी ऊब आली."

"सांभाळून हं, अर्नोल्ड," टोपली पुढे करत बेरिल म्हणाली. "माझ्या घरी हिच्याशी कुणी चढ्या आवाजात बोललेलं नाही."

"बिशप बोलत नाही, बेरिल. त्याचं काम मुक्यानं चालतं."

"चावट मेला."

अर्नोल्डनं ट्रीकलला मानेच्या कातड्यानं उचललं. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झाले होते. मागची बाजू फुगली होती, टपोऱ्या बोरासारखी. गाणं शब्दाशब्दाला लागू पडत होतं.

"चार दिवस ठेव," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत सगळं बसून जाईल."

बेरिल दारातच घुटमळली. "आश्रमातला माणूस म्हणाला होता, हिचं मागं काय काय झालंय त्याला ठाऊक नाही. ऑपरेशन करून पिशवी काढलेली असली तर?"

"पिशवी काढलेली असती तर फुगली असती का? चूल नाही तिथं धूर कुठनं येणार?"

बेरिलला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. तिनं मोबदल्याच्या अंड्यांची टोपली खोपटाच्या खिळ्याला अडकवली आणि ती घरी गेली.

चार दिवसांनी ट्रीकल परतली ती मानेवर दातांच्या खुणा घेऊन. त्यात नवल नव्हतं. फेरेटांचं लग्न असंच लागतं, नर मानगूट धरतो आणि फरफटतो. बेरिलनं खुणांवरून बोट फिरवलं आणि तिला खाली सोडलं. ट्रीकल बाहीत शिरली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

पंधरा दिवस गेले. फुगलेलं बसलं नाही. उलट शेपूट आता उंदराच्या शेपटीसारखं उघडं पडलं, आणि कमरेवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच गळत गेले. डावीकडे बोटभर तर उजवीकडेही बोटभर. ट्रीकल बसल्या बसल्या पाठ खाजवायची, खाजवता खाजवता दमून आडवी व्हायची. पोट सुटलं होतं आणि मांड्या मात्र काडीसारख्या झाल्या होत्या.

"हिचा माज उतरेना," बेरिल कुंपणापाशी म्हणाली. "अर्नोल्ड, ही मरणार तर नाही ना? खरं सांग. मला गोड बोललेलं आवडत नाही."

"नाही मरणार."

"नोराच्या वेळीही डॉक्टर असंच म्हणाले होते."

अर्नोल्डला ती रात्रंदिवस डोळ्यांपुढे दिसायला लागली, पांढऱ्या हिरड्यांची मादी. तरुणपणी त्याची स्वतःची एक तशी गेली होती. पण मनात दुसरंही एक कुसळ होतं, आणि ते त्यानं बेरिलला सांगितलं नाही. गावाच्या क्लबात लेस्टर क्लेगनं सगळ्यांदेखत ते टोचलं होतं.

"ऐकलं का रे, बिशप म्हातारा झाला म्हणे. पेन्शन द्या बिचाऱ्याला."

"तुझं तू बघ, लेस्टर."

"माझं झकास चाललंय. आमचा कॅप्टन बघ. खच्ची करून चार वर्षं झाली, आणि गडी या वसंतात पुन्हा रंगात आलाय. वास असा मारतो की बायको घरात घेईना. बिशपला जमत नसेल तर सांग, कॅप्टनला पाठवतो."

सगळे हसले. अर्नोल्डनं ग्लास संपवला आणि दुसऱ्या दिवशी बेरिलला म्हणाला, "आण तिला. आणखी चार दिवस ठेवू."

बेरिलनं आणली. त्याचा शब्द होता म्हणून आणली.

त्या चार दिवसांनंतरची रविवारची सकाळ. ट्रीकलची मान या खेपेला जास्तच सोलवटली होती. परत द्यायच्या आधी मिठाच्या पाण्यानं पुसावी म्हणून अर्नोल्डनं तिला खिडकीपाशी नेलं. मानगूट धरून उचललं की फेरेट जांभई देतं, तशी तिनं दिली. सगळं अंग सैल सोडून, चारी पाय लोंबकळत, तोंड आभाळाएवढं उघडून. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या पोटावर पडलं. पोटावरचे केसही आता विरळ झाले होते, पिकानंतरच्या रानासारखे.

आणि त्या रानात एक बांध होता. बेंबीच्या खाली, अगदी मधोमध, एक सरळ पांढरी रेघ. बोटाच्या पेराएवढी. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके, टाका घालून काढल्यावर राहतात तसे.

अर्नोल्डच्या स्वतःच्या पोटावर तशी रेघ होती, हर्नियाची. आंघोळीच्या वेळी रोज दिसायची. त्यामुळे ही कसली हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

त्यानं मान पुसली. मग पुन्हा एकदा पुसली. चाळीस वर्षं त्यानं माद्या पुढून पाहिल्या, मागून पाहिल्या, उताणी करून एकही पाहिली नव्हती. गाण्यात तसं सांगितलेलंच नव्हतं. पिशवी काढलेल्या मादीला माज येत नाही. मग हे माजाचं नव्हतं. दुसरंच काहीतरी तिला महिनाभर आतून खात होतं, आणि आपण दोनदा तिला नराच्या दातांखाली दिली.

टोपली घेऊन तो रस्ता ओलांडून गेला. बेरिलच्या स्वयंपाकघरात मांस भाजल्याचा वास होता. ओव्हनमध्ये मांसाबरोबर खायची पिठाची पुडिंगं फुगायला ठेवलेली, आणि ती काचेसमोर वाकून पाहत होती.

"दार लाव, वारा लागला तर बसतील," ती न वळता म्हणाली. "उतरला का माज?"

"माज नव्हताच."

ती सावकाश उभी राहिली.

"हिची पिशवी काढलेली आहे, बेरिल. पोटावर रेघ आहे. मी बघितली नाही. तू विचारलंस तेव्हाही मी बघितली नाही."

बेरिलनं टोपलीचं झाकण उघडलं, ट्रीकलला उचललं, उलटं करून रेघ पाहिली, मग सुलटं करून मान पाहिली. मानेकडे ती जास्त वेळ पाहत राहिली.

"दोनदा," ती म्हणाली.

"हो."

"दुसऱ्यांदा का?"

अर्नोल्ड खोटं बोलू शकला असता. "लेस्टर हसला म्हणून," तो म्हणाला.

बेरिलनं ओव्हन बंद केला. आतली पुडिंगं बसताना काचेतून दिसत होती, एकामागून एक, सुस्कारे सोडत. थॉर्नगिलमध्ये रविवारचा भरला ओव्हन मध्येच बंद करायला घरात मरण व्हावं लागतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं फोन उचलला आणि स्केल्बीच्या जनावरांच्या दवाखान्याचा सुटीच्या दिवसाचा नंबर लावला.

तिथल्या टास्कर डॉक्टरीणबाईंनी फोनवरच विचारलं, हिरड्या गुलाबी आहेत का? आहेत. लघवी होते का, जोर करावा लागतो का? होते, नीट होते. खाते का? थोडं. मग म्हणाल्या, आजची रात्र ऊब द्या, सकाळी आठला घेऊन या.

"गाडी तू चालवायची," फोन ठेवून बेरिल म्हणाली. "आणि आता जा."

एरवी ती चहा विचारल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू देत नसे. किटली शेगडीवर होती. बेरिलनं त्या किटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

टास्कर डॉक्टरीणबाई तिशीतल्या, बाह्या वर सरलेल्या, बोलणं मोजकं. सोमवारी सकाळी त्यांनी ट्रीकलच्या तोंडाला मांसाचा लगदा लावून तिला चाटत ठेवलं, आणि ती चाटण्यात गुंग असताना पोट चाचपलं. नंतर पोटावर थंड जेल लावून यंत्राचं टोक फिरवलं. पडद्यावर करड्या ढगांसारखं काहीतरी हलत होतं.

"हे मूत्रपिंड," त्या म्हणाल्या. "घेवड्याच्या दाण्यासारखं दिसतंय ना? आता त्याच्या डोक्याशी बघा. हा गोल. ही अॅड्रिनल ग्रंथी. डाळीच्या दाण्याएवढी असायला हवी, डावीकडची वाटाण्याएवढी झालीय. उजवी ठीक आहे. आधीच्या ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर काढलेल्या बीजांडकोशाचा एखादा तुकडा मागे राहिला असता तरी अशीच फुगली असती, म्हणून तेही शोधलं. तसं काही दिसत नाही. रक्तही तपासायला पाठवते, पण मला फारशी शंका नाही."

"मी म्हणालो होतो," अर्नोल्ड जमिनीकडे बघत बोलला, "चूल नाही तिथं धूर कुठनं येणार."

"बरोबरच म्हणालात. फक्त धूर शेजारच्या चुलीचा आहे." त्यांनी हातमोजे काढले. "वसंतात दिवस मोठा झाला की मेंदू खाली हाक मारतो, उठा, माजावर या. बीजांडकोश असले तर ते ओ देतात, आणि ओ आली की मेंदू गप्प बसतो. हिच्या घरात ओ द्यायला कुणी उरलंच नाही. मेंदू बिचारा हाका मारत राहतो, वर्षानुवर्षं. शेवटी शेजारची ग्रंथी वैतागून उठते आणि त्यांच्या जागी ओ द्यायला लागते. माजाचा तोच रस अंगात फिरतो, म्हणून फुगते, केस गळतात, खाज सुटते. हाका ऐकून ऐकून ग्रंथी वाढत जाते. कधी नुसती वाढते, कधी गाठ होते."

बेरिलनं विचारलं, "ही मरेल का?"

"आज नाही. तुमचं नशीब, हिचं रक्त अजून आटलेलं नाही. असंच सोडलं असतं तर उन्हाळ्यापर्यंत आटलं असतं." त्यांनी ट्रीकलच्या पोटावरचं जेल पुसलं. "दोन वाटा आहेत. कापून ग्रंथी काढायची. डावी काढणं त्यातल्या त्यात सोपं. उजवी मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असते, तिथं माझेही हात कापतात. पण ही पाच-सहा वर्षांची, आणि किती वाळलीय बघा. मी आज हिला टेबलावर घ्यायला राजी नाही. दुसरी वाट म्हणजे ही कांडी." त्यांनी सुईत बसवलेली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी पांढरी कांडी दाखवली. "कातडीखाली ठेवायची. हिच्यातलं औषध हळूहळू सुटतं आणि मेंदूच्या हाका बंद करतं. वर्षभर, दीड वर्ष, कधी दोन. मग दुसरी घालायची."

"म्हणजे रोग जाणार नाही."

"नाही. ग्रंथी आहे तिथंच आहे, वाढायची तर वाढेलही. दर सहा महिन्यांनी आपण बघत राहू. पण हिचं जगणं हिला परत मिळेल. खोटं सांगत नाही."

बेरिलनं मान डोलावली. गोड न बोलणारी बाई तिला बरी वाटली असावी.

कांडी घालायची दोन खांद्यांच्या मधे. टास्कर डॉक्टरीणबाईंनी केस बाजूला केले आणि क्षणभर थांबल्या. तिथं बिशपच्या दातांच्या खपल्या होत्या, जुन्या आणि नव्या. त्यांनी बोटभर मागे सरकून स्वच्छ कातडी शोधली आणि तिथं सुई घातली. ट्रीकल लगदा चाटतच राहिली.

अर्नोल्ड म्हणाला, "ते माझ्या नरानं केलंय. मीच सोडला होता."

"हे भरून येईल," त्या म्हणाल्या. "रोग त्यानं दिलेला नाही. उशीर मात्र झाला. पहिले आठ-दहा दिवस सूज थोडी वाढल्यासारखी दिसेल, घाबरू नका. आणि हिला अंधार द्या. पाळलेली जनावरं रात्री अकरापर्यंत आपल्या दिव्यात बसतात, त्यांना बारा महिने उन्हाळाच वाटतो. सूर्य गेला की हिचा दिवस संपला पाहिजे."

निघताना अर्नोल्ड दारात वळला. "डॉक्टरीणबाई, हे नरालाही होतं का? खच्ची केलेल्या?"

"होतं की. केस जातात, वास परत येतो, माद्यांच्या मागे लागतो. लोक खूष होतात, गडी तरुण झाला म्हणून. मग आतली प्रोस्टेट ग्रंथी सुजून लघवी तुंबते. तुंबली की दोन दिवसांत खेळ संपतो. का? कुणाला आहे?"

"असेल," अर्नोल्ड म्हणाला. "बघतो."

परतीच्या वाटेवर बेरिल मांडीवरच्या टोपलीला दोन्ही हात लावून बसली होती. डोंगरावर कोकरं बागडत होती.

मग रोज सकाळी नऊला अर्नोल्ड रस्ता ओलांडून जाऊ लागला. बेरिल दार उघडायची, तो ट्रीकलला उचलून बघायचा, ठेवायचा, आणि परत यायचा. चहा नाही. किटली कधी वाफाळत असायची, कधी नुकती उतरवलेली. टेबलावर एकच कप असायचा.

पाचव्या दिवशी सूज खरंच वाढली. "सांगितलं होतं त्यांनी," अर्नोल्ड म्हणाला. "मला आठवण करून द्यायची गरज नाही," बेरिल म्हणाली. संध्याकाळी ती सातलाच ट्रीकलच्या पिंजऱ्यावर जाड पांघरूण टाकायची, आणि आपणही टीव्ही बंद करून अंधारात रेडिओ ऐकत बसायची. रेडिओवरचं तिला निम्मं पटायचं नाही, पण पिंजऱ्यातल्या बाहीत ट्रीकल हललेली ऐकू यायची.

सातवा दिवस रविवारचा. अर्नोल्ड क्लबात गेला. लेस्टर तिथंच होता, नेहमीच्या खुर्चीत.

"काय रे, कशी आहे नवरी? तिसऱ्यांदा बोलावलीस का?"

अर्नोल्ड बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "ती नवरी नव्हतीच. पिशवी काढलेली मादी होती. आजारी होती. मी ओळखलं नाही आणि दोनदा बिशपकडे सोडली." मग तो बाकीच्यांकडे वळला. "तुमच्यातल्या कुणाची मादी माजावर आहे असं मी म्हटलं असेल, आणि तिचं ऑपरेशन झालेलं असेल, तर स्केल्बीला घेऊन जा. माझ्याकडे आणू नका."

कुणीतरी खाकरलं. चाळीस वर्षांत या क्लबात अर्नोल्ड बर्डेकिनकडून "मी ओळखलं नाही" असं कुणी ऐकलं नव्हतं.

"आणि लेस्टर, तुझा कॅप्टन मुतताना जोर करतो का?"

लेस्टर हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "करतो थोडा. का?"

"केस?"

"शेपटीचे गेलेत. वसंत आहे म्हणून."

"वसंत नव्हे. पुन्हा रंगात आलाय म्हणतोस ना, तो रंग नव्हे, रोग आहे. उद्या स्केल्बीचा दवाखाना उघडायच्या आधी दारात उभा राहा त्यांच्या. आज रात्री तुंबली तर रात्रीच फोन कर."

"तू आता डॉक्टर झालास की काय?"

"नाही," अर्नोल्ड म्हणाला. "आंधळा होतो, तेवढं कळलं."

लेस्टरनं ग्लास तसाच ठेवला. थोड्या वेळानं तो कुणालाही न सांगता उठून घरी गेला. कॅप्टनला त्या आठवड्यात तीन दिवस लघवीसाठी नळी लावून ठेवावी लागली, आणि मग कांडी घातली. तो वाचला. लेस्टरनं त्याबद्दल अर्नोल्डला कधी थेट काही म्हटलं नाही. पण बिशपच्या पेन्शनची गोष्ट पुन्हा निघाली नाही, आणि एका सकाळी अर्नोल्डच्या खोपटाच्या खिळ्याला दोन साफ केलेले ससे लटकलेले मिळाले.

सोळाव्या दिवशी अर्नोल्डनं ट्रीकलला उचललं आणि बराच वेळ बघितलं. खिडकीशी नेऊन बघितलं. चष्मा काढून, मग पुन्हा लावून बघितलं.

"उतरलीय," तो म्हणाला. "निम्मी तरी उतरलीय."

"मला कालच वाटलं होतं. म्हटलं, तुझ्या डोळ्यांना कळतंय का बघू."

तो तिला ठेवून दाराकडे निघाला.

"बस," बेरिल म्हणाली. तिनं फडताळातून दुसरा कप काढला, त्यातली धूळ फुंकली, आणि चहा ओतला. साखर किती हे तिला वीस वर्षं ठाऊक होतं. तरी विचारलं, "साखर?"

"दोन."

तिनं एकच घातली. अर्नोल्ड तो निमूट प्यायला.

मेच्या शेवटी कमरेवर मऊ लव दिसू लागली, कणसावरच्या रेशमासारखी. जून सरता सरता शेपूट झुबकेदार झालं. मांड्या भरल्या. ट्रीकल पुन्हा बेरिलच्या चपला पळवून कोचाखाली साठवायला लागली, आणि बेरिल अनवाणी घरभर तिला शिव्या देत हिंडू लागली. केस पुरते आले आणि पोटावरची रेघ झाकली गेली. कुठं आहे ते ठाऊक नसतं तर आता कुणाला दिसली नसती. पानगळीला टास्कर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पडद्यावर पाहिलं. वाटाणा वाटाण्याएवढाच होता.

पुढच्या मार्चमध्ये वरच्या खेड्यातली एक बाई बाजाराच्या पिशवीत मादी घेऊन अर्नोल्डच्या खोपटाशी आली. बेरिल तिथंच होती. ट्रीकल तिच्या कोटाच्या बाहीतून डोकं काढून बघत होती.

"शेपूट झडलं, मादी फुगली, ने नराच्या घरी," पिशवी पुढे करत बाई हसली. "घ्या, आणली."

"गाणं अजून संपलेलं नाही," अर्नोल्ड म्हणाला.

"आमच्याकडे तर एवढंच म्हणतात."

"इथं पुढं आहे." बेरिलनं खोपटाच्या दाराकडे हनुवटी केली. दारावर पांढऱ्या रंगानं, खाणकामगाराच्या जाड अक्षरात लिहिलं होतं:

नेण्याआधी उताणी कर, पोट बघ हातानं,
पांढरी रेघ दिसली तर जा डॉक्टरच्या वाटेनं.

"दुसरी ओळ त्याची," बेरिल म्हणाली. "पहिली माझी. त्याच्या पहिलीत लय नव्हती."

बाईला काही उमगलं नाही, पण तिनं मादी दिली. अर्नोल्डनं मानगूट धरून तिला उचललं. मादीनं जांभई दिली. दुसऱ्या हातानं तिचे मागचे पाय सावरून त्यानं तिला उजेडात उताणी धरली आणि पोटावर हलकी फुंकर मारली. केस दोन बाजूंना झाले. खालची कातडी गुलाबी, सपाट, कोरी.

"नाही ना काही?" बाईनं विचारलं.

"नाही," अर्नोल्ड म्हणाला, आणि पुन्हा एकदा फुंकर मारून बघितलं.